घरातली मारहाण आणि शाळेतलं पोर : किनारपट्टीवरच्या वाड्यांमधून

खाडीपलीकडे

शाळेतून मुलांबद्दल ज्या तक्रारी येतात त्या साधारण ठरलेल्या असतात. हा मारामाऱ्या करतो. हिचं लक्षच नसतं. हा सारखा पोट दुखतं म्हणून घरी राहतो. ही चौथीत गेली तरी अंथरूण ओलं करते. तक्रार सांगणारा लगेच कारणही सांगून टाकतो: मोबाईल, लाड, आईचं लक्ष नाही. गुहागरपासून राजापूरपर्यंत समुद्राकाठच्या वाड्यांमध्ये मी बरीच वर्षं मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर काम करते आहे. या कारणांमध्ये एक कारण कुणी मोजतच नाही. ते म्हणजे घरात बाप आईला मारतो. त्यावर इथे मोकळेपणाने बोलावं म्हणून हा धागा.

मुलाला स्वतःला मार बसत नसेल तर त्याला काही होत नाही, असं बहुतेकांना वाटतं. "तो तेव्हा झोपला होता", "ती बारकी आहे, तिला काय कळतंय" असं आया मला सांगतात. नंतर त्याच पोराशी बोलायला बसलं की ते सगळं सांगतं. भांडण कुठल्या शब्दावरून पेटलं, कुठलं भांडं आपटलं, आजी उठून कुठे जाऊन बसली. आपल्याकडच्या जुन्या घरांत माजघर आणि पडवीमधली भिंत बऱ्याचदा कौलांपर्यंत जातही नाही. पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येतो. डोळे मिटून पडलेलं मूल झोपलेलं असतंच असं नाही.

धोका जाणवला की माणसाचं शरीर पळायला नाहीतर लढायला तयार होतं. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं रक्तात वाढतात. धोका टळला की हे सगळं ओसरायला हवं. पण आज रात्री काय होईल हे ज्या घरात कुणालाच माहीत नसतं, तिथे मुलाचं शरीर कायम तयारीतच राहतं. तान्ह्या बाळात ते झोपेत आणि दूध पिण्यात दिसतं, बाळ दचकून उठतं, कुणाकडेच शांत होत नाही. तीन-चार वर्षांचं मूल शिकलेल्या गोष्टी विसरतं, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं, आईचा पदर सोडत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाचं डोकं दुखतं, पोट दुखतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्याचं लक्ष असतं, पण ते मोटरसायकलच्या आवाजाकडे, दाराच्या कडीकडे, बोलणाऱ्याच्या सुराकडे. अशा मुलाला आपण चंचल म्हणून मोकळे होतो. मोठ्या मुलांमध्ये कुणी घराबाहेरच राहायला लागतो, कुणी आईच्या आणि बापाच्या मध्ये उभा राहतो, कुणी घरी मित्र आणायचंच बंद करतो.

फेलिटी आणि अँडा या दोन डॉक्टरांनी अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये केलेला एक मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या वयाच्या हजारो लोकांना त्यात बालपणाबद्दल विचारलं होतं. आईला होणारी मारहाण हा त्यात एक स्वतंत्र मुद्दा होता, मुलावरच्या थेट अत्याचारांच्या बरोबरीने मोजलेला. असे अनुभव जितके जास्त, तितकं पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचंही प्रमाण जास्त, असं त्यात दिसून आलं.

आता ज्यावर फारसं बोललं जात नाही ते. मारहाण आईपणावरही घाव घालते. एक गोष्ट मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता ती दिसली नाही तरच नवल वाटतं. नवरा घरी यायची वेळ झाली की आई पोरांना ओरडायला लागते, धपाटे घालते. दंगा नको, पसारा नको, आवाज नको. बाहेरून बघणारा म्हणतो, बाईच तापट आहे. पण तिचा हिशेब वेगळा असतो. तिचा एक धपाटा बसला तर त्याचा पट्टा चुकेल. मुलाला हा हिशेब कळत नाही, त्याला फक्त मारणारी आई कळते. दुसरीकडे काही आया मार खाऊनही मुलांना इतकं जपतात की बघत राहावं. दुपारी तो नसताना गोष्टी सांगतात, आवडीचं करून घालतात, रात्रीची भरपाई दिवसा करतात. या दोन्ही प्रकारच्या आयांना पालकत्वावरची भाषणं ऐकवून काही होत नाही. त्यांच्यावर उठणारा हात थांबायला हवा.

आणि बाप. "बायकोशी कसाही वागो, पोरांवर जीव आहे हो त्याचा" हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. पोरांदेखत आईला "अक्कल नाही" म्हणायचं, तिने नको म्हटलेली गोष्ट मुद्दाम आणून द्यायची, मारल्याच्या दुसऱ्या दिवशी खाऊ घेऊन यायचं, आणि हळूच विचारायचं, आई फोनवर कुणाशी बोलत होती? आईच्या शब्दाला किंमत नाही हे त्या घरातलं मूल रोज शिकत असतं. मग तेच मूल आईचं ऐकत नाही म्हणून दोष आईलाच.

कोकणात याला एक वेळापत्रकही आहे. बाप बोटीवर बाहेर गेलेला असला की वर्गात हसणारी मुलं मला माहीत आहेत. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, आणि बाप घरी असतो. शाळा सुरू होते नेमकी तेव्हाच, आणि काही पोरं वर्गात गप्प होऊन जातात. चाकरमान्यांच्या घरात तेच गणपतीला आणि शिमग्याला, बाप मुंबईहून घरी आला की होतं. सगळी वाडी ज्या दिवसाची वाट बघते, त्या दिवशी एखाद्या मुलाचं पोट दुखायला लागतं.

बंदरावरची

ताई, बाकी सगळं पटलं, पण शेवटचा परिच्छेद खटकला. मी मासे विकणाऱ्या घरातली. दारू, शिव्या, मारामाऱ्या म्हटलं की आमच्याच वस्तीकडे बोट दाखवलं जातं. आमची घरं एकमेकांना लागून, आवाज बाहेर येतो म्हणून दिसतं. कलमांच्या बागा असलेल्यांची घरं गडग्याच्या आत असतात, तिथलं कोण ऐकणार? साहेबांच्या बंगल्यातल्या बायका माझ्याकडून मासळी घेताना लांब बाह्यांचं का घालतात ते मी वैशाखात बघते. बंदीत पुरुष घरी असतात, हातात पैसा नसतो, कर्ज असतं, हे खरं. पण त्याच दोन महिन्यांत जाळी विणत पोरांना मांडीवर घेऊन बसणारे बापही आमच्याकडे आहेत. मार पैशाच्या तंगीने होत असता तर सगळ्यांनीच मारलं असतं.

खाडीपलीकडे

बरोबर बोललात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांना विचारलं होतं. देशात सुमारे २९ टक्के आणि महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. चारातली एक. एवढ्या सगळ्या बायका एका जातीच्या किंवा एका धंद्यातल्या असूच शकत नाहीत. आणि ज्यांनी सांगितलं त्यांचाच हा आकडा. तंगी आणि दारूने मारहाण वाढते, पण तोच माणूस दारू पिऊन तांडेलावर, म्हणजे बोटीच्या प्रमुखावर, हात उचलत नाही. कुणावर उचलायचा हे त्याला नेमकं कळत असतं.

काजूची बी

मी प्राथमिक शाळेत शिकवते. इतर शिक्षकांसाठी एकच गोष्ट सांगायची आहे. मुलाची तक्रार घरी पाठवण्याआधी ती कुणाच्या हातात पडणार याचा विचार करा. वहीत "पाल्य वर्गात दंगा करतो, लक्ष द्यावे" असं लिहिलं की काही घरांत त्या रात्री आई मार खाते, "तूच बिघडवलंस" म्हणून. मूल पुढच्या दिवशी अधिकच बिथरलेलं येतं, आणि ते का बिथरलंय हे सांगायलाही आपल्याकडे येत नाही. कारण तक्रार आपणच केलेली असते.

आमच्याकडे आता आईशीच बोलायचं ठरलंय, पालकसभेनंतर थोडं बाजूला घेऊन, आधी मुलाचं काहीतरी चांगलं सांगून. मुलाला वर्गासमोर "घरी काय झालं?" असं कधीच विचारायचं नाही. चित्र काढताना, पोषण आहाराच्या वेळी ते आपणहून बोलतं. बोललं तर "मला सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढं म्हणायचं. "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, ते पाळता येत नाही. मुलाच्या जिवाला धोका वाटला तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. शाळेत छडी तर नकोच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला मनाई आहेच, पण घरी ज्याच्यापासून मूल पळतंय तेच शाळेत भेटलं तर त्याने जायचं कुठे?

सुपारीची राई

मी या धाग्यातला गप्प मुलगा आहे. आमच्या घरात मारामाऱ्या करणारा माझा धाकटा भाऊ होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. मी पहिला नंबर काढायचो, विहिरीचं पाणी भरायचो, बहिणीला झोपवायचो, आईच्या पाठीला तेल लावायचो. गावात सगळे म्हणायचे, पोर किती समजूतदार. बाबांच्या चपलांच्या आवाजावरून आज कसं आहे ते मला कळायचं. मला पक्कं वाटायचं की मी अजून थोडं चांगलं वागलो तर हे थांबेल.

आज मुंबईत नोकरी करतो, मला एक मुलगी आहे. वरिष्ठांनी आवाज चढवला की अजूनही माझे हात गार पडतात. मुलीवर ओरडावंसं वाटलं की मी खोलीतून बाहेर जातो, पाणी पितो, मग परत येतो आणि तिला सांगतो की मला राग आला होता. ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती, बायकोशी बोलून बोलून सुचली. शिक्षकांना विनंती आहे, दंगेखोर मुलाबरोबर त्या फार शहाण्या मुलाकडेही एकदा बघा.

कातळकडा

मी थोडं वेगळं मांडतो, गैरसमज नसावा. आमच्या पिढीला घरी, शाळेत, सगळीकडे मार बसला. बहुतेकांचं चांगलंच झालं. नवरा-बायकोची भांडणं कुठल्या घरात नाहीत? हल्ली लगेच तक्रार, कोर्ट, वेगळं राहणं. बापाविना वाढणाऱ्या मुलाचं नुकसान होत नाही का? वाडीतली मोठी माणसं बसवून समजूत काढणं मला जास्त बरं वाटतं.

खाडीपलीकडे

तुमच्या पिढीतल्या ज्यांचं चांगलं झालं ते इथे लिहायला आहेत. ज्यांचं झालं नाही ते कुठे आहेत, याची चौकशी कधी आपल्याच वाडीत करून बघा. भांडण आणि मारहाण यांत मी फरक करते. भांडणात दोघंही बोलू शकतात. आपण काय बोललो तर मार बसेल याचा विचार जिथे एकालाच करावा लागतो, ते भांडण नव्हे.

"मुलांसाठी संसार टिकव" हे मी शेकडो बायकांना सांगितलं जाताना ऐकलंय. त्या मुलांशी बोलल्यावर बहुतेक मुलं एकच सांगतात, आई, आपण जाऊया ना कुठेतरी. बाप नसण्याने मुलाचं नुकसान होतं, पण मारणारा बाप रोज समोर असण्याने होतं ते जास्त खोल जातं. सुपारीची राई यांच्यासारखे अनेकजण मार बघून वाढले आणि मारणारे झाले नाहीत. तो शाप वगैरे काही नाही. फरक कशाने पडतो तर एका तरी भरवशाच्या मोठ्या माणसाने. बहुतेकदा ती आईच असते, कधी आजी, मामा, एखादी बाई शिक्षिका. म्हणून आई सुरक्षित असणं ही मुलासाठी पहिली गरज आहे.

वाडीच्या बैठकीबद्दल. मी अशा बैठकांना बसले आहे. नवऱ्याला समज देतात, बायकोला "तूही जरा सांभाळून घे" म्हणतात, नारळ ठेवतात, सगळे घरी जातात. मुलाला काय वाटतं हे विचारलेलं मी एकदाही पाहिलं नाही. आणि त्या रात्री घरात काय होतं ते बघायला बैठकीतला कुणी येत नाही.

तिरफळ

माका जास्त लिवक येणा नाय, पण सांगतंय. आमच्या वाडीत एका घरात असाच चलायचा. आमी बायकांनी ठरवलेला, आवाज इलो की कोणीतरी त्यांच्या खळ्यात जावन हाक मारायची, "गो, विरजण आसा काय?" इतक्याच. भायर चार माणसा उभी दिसली की त्याचो हात खाली येय. पोरांका सांगान ठेवलेला, काय झाला तरी मागल्या दारान आमच्याकडे येवचा, ईचारूक नको. पोरगो गप बसता म्हणान तो शाणो असा नाय, तो घाबरलेलो आसता. माझी सासू म्हणायची घरातला घरात ऱ्हवाक व्हया. माका ता कधी पटला नाय.

अबोली

पहिल्यांदाच लिहितेय. चार महिने झाले, मी मुलाला घेऊन माहेरी आले आहे. तो सात वर्षांचा आहे. तिकडे असताना अगदी गरीब होता. इथे आल्यापासून मला मारतो, चावतो, त्याच्या बाबांच्या तोंडच्या शिव्या मला देतो. वस्तू फेकतो. रात्री मात्र माझा हात धरूनच झोपतो. माझी वहिनी म्हणते, बघ, बापावर गेलाय, बापाजवळ होता तेव्हा बरा होता. मलाही रात्री वाटतं, मी त्याला उगाच तोडून आणलं का.

खाडीपलीकडे

अबोली, तुम्ही त्याला आणलंत ते बरोबरच केलंत. तिकडे तो गरीब नव्हता, घाबरलेला होता. तिकडे राग दाखवला असता तर काय झालं असतं हे त्याला माहीत होतं. इथे कुणी मारणार नाही हे त्याला आता समजायला लागलंय, म्हणून इतके दिवस दाबलेलं बाहेर पडतंय, आणि ते तुमच्यावरच पडतंय कारण तुम्ही त्याला सोडून जाणार नाही याची त्याला सर्वांत जास्त खात्री आहे. घर सोडून आलेल्या मुलांमध्ये असा काळ बऱ्याचदा येतो.

त्याने मारलं की त्याचा हात धरा, घट्ट पण दुखेल असा नाही, आणि दर वेळी तेच वाक्य बोला: "राग आलाय ते कळतंय मला. मारायचं नाही. मीही तुला मारणार नाही." परत मारू नका, रडून दाखवू नका, लांब भाषण देऊ नका. "बापावर गेलाय" हे त्याच्या कानावर पडता कामा नये, वहिनींना हे एकदा नीट सांगा, कारण मूल ते खरं मानतं. जेवायची, आंघोळीची, झोपायची वेळ रोज तीच ठेवा. पुढे काय होणार हे आधीच कळणं या मुलांना औषधासारखं लागू पडतं. रोज थोडा वेळ फक्त त्याचा, तो म्हणेल तो खेळ. बाबांची आठवण येते म्हणाला तर येऊ द्या. त्याला बाबा आवडतातही आणि त्यांची भीतीही वाटते, आणि दोन्ही खरं आहे. बाजू घ्यायला लावू नका. शाळेतल्या बाईंना सगळं सांगायची गरज नाही, घर बदललंय आणि तो अस्वस्थ आहे एवढं पुरे.

तुम्हालाही झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं. काही महिन्यांत मुलाचं कमी झालं नाही, किंवा तो स्वतःला इजा करायला लागला, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवा.

पायरीवरची

वकिलीच्या बाजूने लिहिते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, मानसिक छळ, लैंगिक छळ आणि पैशांची कोंडी हेही त्यात येतं. घटस्फोट घ्यावाच लागतो हा मोठा गैरसमज आहे. घटस्फोट न घेता संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, मुलांसह खर्च हे सगळं मागता येतं. अर्ज तुम्ही सध्या राहता त्या ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतो, म्हणजे माहेरच्या तालुक्यातही. कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि बापाच्या भेटीने मुलाला धोका असेल तर कोर्ट भेट नाकारू शकतं. हे अर्जात स्पष्ट लिहा, मुलाच्या वागण्यात काय काय बदल झाले ते तारखेसह लिहून ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत बायकोच्या जखमा सविस्तर असतात आणि मुलाबद्दल एक ओळ असते.

कोकणात हमखास ऐकायला मिळतं, "घर सासऱ्याच्या नावावर आहे, सामायिक आहे, तुझा काय संबंध?" सुनेला नवऱ्याबरोबर ज्या घरात ती नांदली त्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, मग ते घर सासरच्या नातेवाइकाच्या नावावर असलं तरी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. अर्ज पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश पहिल्याच अर्जात मागा. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीत विचारा. पोलिसात गुन्हा नोंदवायचा तर नवऱ्याकडून आणि सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं पूर्वीचं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे.

शेजाऱ्यांसाठी: या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकतं, आणि प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल कळवणाऱ्यावर काही जबाबदारी येत नाही. तातडीने ११२, नाहीतर महिलांसाठी १८१.

बंदरावरची

अबोली, कुठल्या बाजूला आहात ते इथे सांगू नका. कोर्टाला जायच्या दिवशी मुलाला ठेवायला घर नसेल तर मला निरोप करा, आमच्याकडे दोन नातवंडं आहेत, तो खेळेल.

अबोली

सगळ्यांचे आभार. सोमवारी तालुक्याला जातेय. मुलाचा जन्मदाखला आणि माझे दागिने सासरी राहिलेत. त्याशिवाय अर्ज होतो का? आणि त्याचे बाबा रोज रात्री फोन करून त्यालाच विचारतात, आई कधी येणार. फोन घेऊ द्यायचा का?

पायरीवरची

अर्ज होतो. जन्मनोंद जिथे झाली त्या ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून दाखल्याची प्रत पुन्हा मिळते. दागिने आणि कागद परत देण्याचा आदेश याच कायद्याखाली मागता येतो, त्यांची यादी करून न्या. फोन किती वेळा आले आणि काय बोलणं झालं, तेही लिहून ठेवा.

खाडीपलीकडे

कोर्टाचा काही आदेश येईपर्यंत, त्याला बोलायचं असेल तर बोलू द्या, पण झोपायच्या वेळी नको. संध्याकाळी, उजेडी, तुम्ही किंवा आजोबा शेजारी बसलेले असताना, स्पीकरवर. "आई कधी येणार" हा प्रश्न आला की तुम्ही मध्ये बोला, "ते मोठ्यांचं आहे, आम्ही बोलू." आणि फोन ठेवल्यावर त्यालाही सांगा की या प्रश्नाचं उत्तर त्याने द्यायचं नाही. धमकी आली तर फोन तिथेच बंद करायचा आणि सोमवारी ते आधी सांगायचं.